उतारवयांतील कमाई आणि एक प्रवासग्रंथ

साठी जवळ आली, गांठीची पुंजी उरली नाहीं आणि पुनः कंबर कसून मिळवावयास निघावें लागलें, हा प्रसंग मध्यमवर्गीय कुटुंबांस अपरिचित नाहीं. भविष्यनिर्वाहनिधीची रक्कम मुलांच्या शिक्षणांत व घरांत खर्ची पडली, म्हणजे किती तरी गृहस्थ निवृत्तीनंतर शिकवण्या किंवा हिशेबाच्या वह्या पतकरतात. अशा वयांत गरजेपोटीं केलेल्या कामाला कस कितपत असतो, हें वाङ्मयाच्या क्षेत्रांत पडताळून पाहण्यास मार्क ट्वेनचा १८९७ सालीं प्रसिद्ध झालेला ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हा ग्रंथ सोईचा आहे. त्यांत मुंबईचें वर्णन असल्यामुळें त्याविषयीं बोलण्याचा थोडा अधिकारहि आम्हांस पोंचतो.

ट्वेनची विपत्ति दैवी नव्हती. लेखणीनें त्यास भरपूर पैसा दिला होता. तो त्यानें पेज नांवाच्या गृहस्थाच्या खिळे जुळविण्याच्या यंत्रांत वर्षानुवर्षें ओतला. पत्नीचा वारसाहि त्यांत झिजला, आणि यंत्र कधींच धड चाललें नाहीं. १८९४ सालीं त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. कायद्यानें सगळी फेड करण्याचें बंधन नसतां त्यानें पै न पै देण्याचें ठरविलें, व १८९५ च्या जुलैमध्यें, वयाचें साठावें वर्ष चालू असतां, पत्नी व एक मुलगी यांसह तो जगभर व्याख्यानें देत निघाला. १८९६ च्या जानेवारींत तो मुंबईस उतरला तेव्हां खोकल्यानें बेजार होता. दौरा आटोपून इंग्लंडास पोंचतो तोंच, ऑगस्टमध्यें, मागें राहिलेली थोरली मुलगी सूझी अमेरिकेंत वारली. या शोकाच्या छायेंत त्यानें लंडनमध्यें ग्रंथ लिहिला. १८९८ च्या आरंभीं कर्ज फिटलें.

ही हकीकत इतकी उदात्त आहे कीं, टीकाकाराची लेखणी आपोआप बोथट व्हावी. परंतु कर्ज फेडल्याचें श्रेय माणसास द्यावें. तें पुस्तकाच्या खात्यावर जमा करूं नये. हा ग्रंथ वर्गणीदारांच्या दारोदार जाऊन विकावयाचा होता, व अशा ग्रंथास जाडी लागते. ती आणण्यासाठीं ट्वेननें ठगांच्या प्रकरणांत स्लीमनच्या अहवालांतील उतारेच्या उतारे चिकटविले आहेत. तेथें लेखक दमला आहे, हें स्पष्ट दिसतें. (शिकवणीच्या तिसऱ्या तासाला मास्तर विद्यार्थ्यांकडून धडा मोठ्यानें वाचून घेतात, त्यांतलाच हा प्रकार.)

आणि तरीहि याच ग्रंथांत मुंबईच्या हॉटेलांतील तो प्रसंग आहे. दार नीट करावयास गुडघ्यांवर बसलेल्या एका देशी नोकराच्या तोंडांत एक धिप्पाड जर्मन कांहीं कारण न सांगतां लगावतो. नोकर मुकाट्यानें सोसतो. त्या क्षणीं ट्वेनचें मन पन्नास वर्षें मागें, गुलामगिरीच्या मुलखांतील आपल्या बालपणांत जातें. स्वभावानें सौम्य असलेला आपला बापहि गुलाम पोरावर क्षुल्लक चुकीसाठीं हात टाकी, हें तो लपवीत नाहीं. कोणा मालकानें लोखंडी दगड फेंकून आपल्या गुलामास कसें ठार केलें, तेंहि सांगतो. येथें विनोद नाहीं, आवेश नाहीं. तरुण ट्वेननें हें पान इतक्या शांतपणें लिहिलें असतें असें मला वाटत नाहीं. गरजेनें त्यास मुंबईस आणलें. तें पान मात्र गरजेनें लिहविलेलें नव्हे.

स्कॉटचें उदाहरण अनेकांस आठवेल. १८२६ च्या आपत्तीनंतर त्यानेंहि लिहून कर्ज फेडण्याचा पण केला आणि १८३२ मध्यें मरेपर्यंत तो राबला. पण त्याच्या शेवटच्या दोन कादंबऱ्यांतून रोगजर्जर मेंदूचा थकवाच तेवढा दिसतो. ट्वेनची प्रकृति टिकली, हा भेद दैवाचा. आपल्या शिणलेल्या मनास त्यानें जुन्या आठवणींकडे मोकळें जाऊं दिलें, हा भेद त्याच्या कलेचा.

मराठींत कोणी हा ग्रंथ आणण्यास प्रवृत्त होईल, तर त्यानें ठगांची पानें खुशाल गाळावींत. मुंबईच्या कावळ्यांवरील मजकुरास व त्या हॉटेलांतील प्रसंगास मात्र हात लावूं नये.