‘तरल’ या विशेषणाची चिकित्सा

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या तैलचित्रांतील स्त्री-आकृतींना ‘तरल’, ‘स्वप्निल’, ‘अपार्थिव’ ही विशेषणे सहज लावली जातात. त्यांनी परिणामाचा निर्देश होतो, कारणाचा होत नाही. ‘तरल’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ ‘हलणारे, कंप पावणारे’ असा आहे, आणि तो येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. या आकृतींच्या कडा खरोखरच स्थिर नसतात; कोठे त्या उमटतात, कोठे पार्श्वभूमीच्या हिरवट-पिवळसर छायेत विरतात. तैलरंग सावकाश वाळतो. त्यामुळे ओल्या कडेवर कोरडा कुंचला हलकेच फिरवून दोन छटा एकमेकींत मिसळता येतात. वाळलेल्या थरावर पारदर्शक रंगाचा पातळ लेप देऊन आकृती आणि आसमंत एकाच प्रकाशात बुडविता येतात. गडद थरावर फिकट अपारदर्शक रंग विरळ ओढला, तर धुरकट निळसर छटा मिळते. अपार्थिवता म्हणतात ती येथे घडते, विषयात नव्हे. राजा रविवर्म्यांच्या ‘हंस-दमयंती’ (१८९९) या चित्राचा विषय सर्वस्वी पौराणिक. तरी दमयंतीचा देह भरीव, कडा निश्चित. उलट बाबूरावांची ‘जलवाहिनी’ ही नावाप्रमाणे केवळ पाणी वाहणारी स्त्री.

खरा आक्षेप येथेच संभवतो. बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात पाणी वाहणे ही काव्यकल्पना नाही. वैशाखात तेथेही क्षितिज धूसर होते, परंतु धुळीने (‘धूसर’ म्हणजे मुळात धुळीच्या रंगाचेच). ती धूळ दूरचा डोंगर पुसते. डोक्यावरील घागरीचा भार पुसत नाही. तो भार मान, खांदा आणि घोटा यांवर दिसतो, आणि कडा विरविण्याच्या पद्धतीत नेमके हेच सांधे प्रथम नाहीसे होण्याचा धोका असतो.

बाबूरावांना कष्टांची जाण नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. सावकाराने नागविलेला शेतकरी त्यांनीच ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात पडद्यावर आणला. तैलचित्रात त्यांनी भारापेक्षा प्रकाश निवडला. ‘तरल’ म्हणून थांबणारी समीक्षा ही निवड झाकून टाकते, आणि तिच्याविषयी वाद घालण्याची सोयही नाहीशी करते. आष्टीच्या एखाद्या चित्रकाराने तीच आकृती रंगविण्यास घेतली, तर आसमंत तांबूस धुळीत विरवून मान व घोटा तेवढे ठाशीव ठेवण्यास तैलरंगांची काहीच हरकत असणार नाही.