फूलनदेवी, माला सेन आणि आमची ‘पकड’

आम्हा ग्वाल्हेरकर मराठी मंडळींच्या घरी चंबळच्या गोष्टींना तोटा नाही. लष्करातल्या आमच्या वाड्यात रात्री दिवे गेले की कुणीतरी मानसिंगची नाहीतर मोहरसिंगची गोष्ट काढायचंच. आम्ही घरात ‘दरोडेखोर’ म्हणायचो, पोलीस ‘डाकू’ म्हणायचे आणि भिंडकडून येणारा दूधवाला ‘बागी’ म्हणायचा. माणूस एकच, शब्द तीन. बोलणारा कुठल्या बाजूला उभा आहे ते त्या एका शब्दावरून कळायचं.

हे सगळं पुन्हा आठवलं ते माला सेन यांचं ‘इंडियाज बँडिट क्वीन’ दुसऱ्यांदा वाचताना. पुस्तक १९९१ सालचं. मालाबाई लंडनला राहणाऱ्या. तिथल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांच्या चळवळीत वावरलेल्या, दूरचित्रवाणीच्या माहितीपटांसाठी संशोधन करणाऱ्या. फूलनदेवीने १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडला मुख्यमंत्री अर्जुनसिंगांसमोर शस्त्रं ठेवली. त्याआधीची दोन वर्षं, म्हणजे १४ फेब्रुवारी १९८१ ला बेहमईत वीस माणसं मारली गेली तेव्हापासून, वर्तमानपत्रांनी तिची एक रूपवान, सूडाने पेटलेली राणी तयार केली होती. प्रत्यक्षात व्यासपीठावर आली ती अंगाने लहानखुरी, बावरलेली मुलगी. पुढची अकरा वर्षं खटल्याविना तुरुंगात गेली, त्यातली बरीचशी इथे, आमच्या ग्वाल्हेरात.

पुस्तकाची खरी गंमत ते कसं तयार झालं यात आहे. फूलनला लिहिता येत नव्हतं. तिने सांगायचं, सोबतच्या कैद्यांनी उतरवून घ्यायचं आणि ते कागद हळूहळू बाहेर यायचे. मालाबाई हे लपवत नाहीत. हकिगत कुणाच्या तोंडची, कुणाच्या हातची, हे वाचकाला कळत राहतं. मुलाखत घेणारा गायब करून ‘ती म्हणाली’ असं गुळगुळीत लिहिण्याची आपल्याकडे खोड आहे. तिच्यापुढे हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. फूलनची कहाणी या पुस्तकात सूडापासून सुरू होत नाही. ती सुरू होते मल्लाहांच्या घरातल्या जमिनीच्या तंट्यापासून, चुलतभाऊ मैयादीनने बळकावलेल्या हिश्शापासून. दहा-बारा वर्षांची पोर त्यासाठी भांडते, हेच तिचं पहिलं बंड. हे कळलं की ‘बागी’ हा शब्द दूधवाला का वापरायचा तेही कळतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विक्रम मल्लाहच्या खुनानंतर फूलनवर जे गुदरलं त्याच्या वेगवेगळ्या हकिगती फिरत होत्या. मालाबाईंनी विचारलं तेव्हा फूलनने तपशील टाळला, अगदी साध्या, झाकून टाकणाऱ्या शब्दांत विषय संपवला. मालाबाई तिथेच थांबल्या. तिने जेवढं सांगितलं तेवढंच लिहिलं.

१९९४ साली शेखर कपूर यांचा ‘बँडिट क्वीन’ आला आणि नेमकी तीच जागा पडद्यावर भरून टाकली. जमिनीचा तंटा मागे पडला, बलात्कार पुढे आला, आणि सुरुवातीलाच ही सत्यकथा असल्याचं सांगून टाकलं. फूलन जिवंत होती, तरी तिला भेटण्याची गरज दिग्दर्शकाला वाटली नाही. अरुंधती रॉय यांनी त्याच वर्षी यावर सडकून लिहिलं. जिवंत बाईवरचा अत्याचार तिच्या संमतीशिवाय पुन्हा उभा करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. फूलन कोर्टात गेली, पुढे तडजोड झाली. अवघड बाब अशी की चित्रपटाच्या पटकथेवर नाव मालाबाईंचंच आहे. पुस्तकात पाळलेला संयम चित्रपटात टिकला नाही, आणि याचं काही ओझं त्यांच्याकडेही जातंच.

पुस्तकात उणिवा आहेत. फूलनचा आवाज इतका जवळून येतो की बेहमईत ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख त्या मानाने लांबून ऐकू येतं. बाहेरच्या वाचकाला जात समजावून सांगताना लेखन कधी कधी मास्तरकीकडे झुकतं. तरी कामाचा पाया भक्कम आहे.

आता माझी गोष्ट. आपल्या मंडळासाठी मी ‘पकड’ या विषयावर निबंध लिहीत होतो. ‘पकड’ म्हणजे खंडणीसाठी उचलून बीहडात ठेवलेला माणूस. शेजारच्या एका आजींचे यजमान असे सव्वा महिना पकडीत होते. मी तीनदा जाऊन बसलो. आजी प्रत्येक वेळी एवढंच म्हणाल्या, “हे परत आले, बस्स. पुढचं नको रे विचारूस, बाबा.” मी घरी येऊन पुढचं लिहिलं. डोळ्यांवरची पट्टी, उपाशी रात्री, बंदुकीचा दस्ता, सगळं इतर हकिगतींमधून उचललं आणि आजींच्या तोंडी घातलं. वाचनाच्या दिवशी टाळ्याही पडल्या. आजी समोरच बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, आणि जाताना माझ्याशी बोलल्याही नाहीत.

मालाबाई जिथे थांबल्या ते पान परवा वाचलं आणि आजींचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, चूक कबूल केली. त्यांनी चहा दिला, विषय काढला नाही. निबंधातली ती दोन पानं मी काढून टाकली आहेत. त्या जागी आता आजींचं ते एकच वाक्य आहे, आणि खाली नोंद: सांगणाऱ्या बाई इथे थांबल्या.

मंडळाच्या संग्रहातली जुनी प्रत कुणाकडे असेल तर कृपया ती वापरू नये.