मेंदूच्या पृष्ठरचनेतील दोष आणि त्यांची दुरुस्ती : एक चिकित्सा

चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमेवरून मेंदूच्या बाह्यकाची जाडी मोजण्याची रीत आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्या मुळाशी असलेल्या अनुमानांचा विचार करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. मानवी मेंदूचे बाह्यक म्हणजे वळ्यावळ्यांनी दुमडलेला करड्या द्रव्याचा थर होय. त्याची जाडी स्थलपरत्वे सुमारे १ ते ४.५ मिलिमीटर असून सरासरी २.५ मिलिमीटरांच्या आसपास भरते. नेहमीच्या प्रतिमेतील घनकणाची, म्हणजे व्हॉक्सेलची, बाजू १ मिलिमीटर असते. ज्या थराचे मोजमाप करावयाचे तो अशा रीतीने दोन-तीन व्हॉक्सेलांतच सामावलेला असतो. आणि रुग्ण व निरोगी यांच्या गटांमध्ये जो फरक शोधावयाचा तो बहुधा मिलिमीटरच्या एखाद्या अंशाइतका असतो. यास्तव संगणकाने आखलेली सीमारेषा कोठे चुकली आणि ती चूक कोणी, कशी दुरुस्त केली, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाच्या सोयीचा राहत नाही. निष्कर्षाची विश्वसनीयता त्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दुरुस्तीच्या प्रचलित पद्धतीची चिकित्सा करण्याचे योजिले आहे.

या क्षेत्रात सर्वाधिक प्रचारात असलेली प्रणाली म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस केंद्रात वाढलेली ‘फ्रीसर्फर’ ही होय. अँडर्स डेल, ब्रूस फिशल व मार्टिन सेरेनो यांनी १९९९ साली ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात दोन जोडलेखांच्या द्वारे तिची मांडणी केली. पुढील वर्षी फिशल व डेल यांनी त्याच पायावर बाह्यकाची जाडी मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा क्रम थोडक्यात असा : प्रथम प्रतिमेतील उजळपणाचे असमान वाटप सम केले जाते आणि श्वेत द्रव्याची किंमत ११० या आकड्याजवळ आणली जाते. नंतर कवटी व इतर ऊती वगळून केवळ मेंदू शिल्लक ठेवला जातो. श्वेत द्रव्याचे व्हॉक्सेल निवडून प्रत्येक गोलार्धाचा एक सलग पिंड बनविला जातो, त्याच्या पृष्ठावर त्रिकोणांची जाळी विणली जाते आणि जाळीतील संस्थितीचे दोष काढले जातात. शेवटी हीच जाळी श्वेत व करड्या द्रव्यांच्या सीमेवर बसविली जाते आणि तेथून बाहेर सरकवीत मृदुतानिकेच्या पातळीपर्यंत नेली जाते. आतील व बाहेरील अशा या दोन पृष्ठांमधील अंतर म्हणजे बाह्यकाची जाडी. एकेका गोलार्धाच्या जाळीत लाखाहून अधिक शिरोबिंदू असतात. आणि पृष्ठ गुळगुळीत व सलग असते या गृहीतकाच्या बळावर व्हॉक्सेलहूनही सूक्ष्म पातळीवर सीमेचे स्थान ठरविण्याचा दावा करता येतो. हा दावा निराधार नाही; परंतु गृहीतक जेथे ढळते, तेथे तो दावाही ढळतो, हे विसरता कामा नये.

या क्रमातील प्रत्येक पायरीस तिचा स्वतःचा असा दोष आहे. कवटी वगळताना कधी मेंदूचाच तुकडा कापला जातो, तर कधी दृढतानिकेचा अंश मेंदूस चिकटून राहतो. उत्तरोक्त प्रकारात बाहेरील पृष्ठ त्या अंशास करडे द्रव्य समजून फुगते व जाडी वाढलेली दिसते. उजळपणा सम न झाल्यास शंखखंडाच्या टोकाकडील बारीक वळ्यांतील श्वेत द्रव्य ‘श्वेत’ म्हणून ओळखलेच जात नाही, आणि संपूर्ण वळी पृष्ठाबाहेर राहते. एकमेकींस टेकलेल्या दोन वळ्यांच्या मधोमध एखादा व्हॉक्सेल चुकून श्वेत गणला गेला, तर खाचेवर पूल बांधल्यासारखी कडी तयार होते. हे सारे दोष तयार आकड्यांत दिसत नाहीत. प्रतिमेवर पृष्ठाच्या रेषा चढवून एकेक छेद डोळ्यांखालून घातला तरच ते नजरेस येतात.

दुरुस्तीची रीत मात्र विचारपूर्वक योजिलेली आहे, आणि तिचे श्रेय आरंभीच मान्य केले पाहिजे. संशोधकास पृष्ठाची रेषा हाताने ओढता येत नाही. त्यास फक्त पृष्ठ ज्या पुराव्यावरून आखले गेले, त्या पुराव्यात फेरफार करता येतो : मेंदूच्या आच्छादनातील परका अंश पुसणे, श्वेत द्रव्याच्या नकाशात व्हॉक्सेल भरणे अथवा मिटविणे, किंवा नियंत्रण-बिंदू ठेवून ‘येथे श्वेत द्रव्य आहे’ असे सांगणे. त्यानंतर संगणक पुढील सर्व पायऱ्या पुनश्च चालवितो आणि रेषा स्वतः आखतो. प्राचीन ग्रंथाची पाठचिकित्सा करणारा संपादक आपणांस रुचणारा पाठ संहितेत घालीत नाही. पोथ्यांची साक्ष तपासतो, भ्रष्ट पोथी बाजूस ठेवतो आणि उरलेल्या साक्षीतून पाठ निष्पन्न होऊ देतो. येथील शिस्तही त्याच जातीची आहे. हाताची सत्ता साक्षीपुरती, निर्णय नियमाचा. ही मर्यादा ज्या प्रमाणात पाळली जाते, त्या प्रमाणात दुरुस्ती शास्त्रीय ठरते. जेथे ती सुटते, तेथे दुरुस्तीचे रूपांतर इच्छापूर्तीत होते. प्रस्तुत लेखकाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे, आणि पुढील आक्षेप त्याच कसोटीवर घेतलेले आहेत.

पहिला आक्षेप नियंत्रण-बिंदूंच्या वापराविषयी आहे. बिंदू ठेवणे हे काम दिसावयास अत्यंत निरुपद्रवी आहे. परंतु बिंदू ज्या व्हॉक्सेलवर पडतो तेवढ्यावरच त्याचा परिणाम थांबत नाही. त्या जागेची किंमत ११० मानून सभोवारच्या प्रदेशाचा उजळपणा नव्याने जुळविला जातो. म्हणूनच बिंदू ठेवण्याचा नियम असा की, तो निःसंशय श्वेत द्रव्याच्या आत पडावा आणि त्या स्थळाची किंमत ११० हून कमी असावी. सीमेवरील मिश्र व्हॉक्सेलमध्ये किंवा करड्या द्रव्यात तो पडला, तर श्वेत द्रव्याची सीमा बाहेर सरकते व बाह्यक पातळ भासू लागते. याचा अर्थ असा की, अतिउत्साही दुरुस्तीने जाडीतील ऱ्हास निर्माण करता येतो. आणि ऱ्हास शोधण्यासाठीच ज्याने संशोधन आरंभिले, त्यास तो दुर्दैवाने सापडतोही. बिंदू थोडे असावेत, विखुरलेले असावेत आणि त्यांच्या परिणामाची तपासणी केवळ दुरुस्त केलेल्या जागी न करता शेजारच्या वळ्यांतही व्हावी, हे पथ्य अभ्यासवर्गात जितक्या आग्रहाने शिकविले जावयास हवे तितके शिकविले जात नाही.

दुसरा आक्षेप संस्थितीच्या दुरुस्तीविषयी. बाह्यकाचे पृष्ठ, मेंदूच्या खोडाजवळचा भाग बुजविल्यावर, गोलाच्या पृष्ठाशी संस्थितीने समान असते. जाळीतील शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून त्रिकोणांची संख्या मिळविली असता ऑयलरची संख्या मिळते. गोलासाठी ती २ असते, आणि प्रत्येक कडीमागे ती दोनाने घटते. ऑयलर-संख्येवरून दोष किती हे कळते. तथापि दोषाचे निवारण कसे करावे हे कळत नाही. कडी तोडावी की छिद्र बुजवावे, या दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने संख्या २ वर येते. फिशल, लिऊ व डेल यांनी २००१ साली आणि सेगोन, पाचेको व फिशल यांनी २००७ साली या निवडीसाठी जे उपाय सुचविले, त्यांत प्रतिमेतील उजळपणाशी कोणता पर्याय अधिक जुळतो याचा विचार आहे, हे त्यांचे वैशिष्ट्य. तरीही मोठ्या दोषाच्या ठिकाणी खरी वळी कापली जाणे किंवा खोटा पूल टिकून राहणे हे प्रकार घडतात. अशा वेळी पृष्ठ गणिताने निर्दोष व शरीररचनेच्या दृष्टीने असत्य असते. दुरुस्तीनंतरची ऑयलर-संख्या सर्वांची सारखीच असल्याने ती काहीही सांगत नाही. उपयोग आहे तो दुरुस्तीपूर्वीच्या संख्येचा. तिचा तज्ज्ञांनी डोळ्यांनी पाहून दिलेल्या प्रतिमांच्या गुणांशी सातत्याने मेळ बसतो, असे २०१८ साली ‘न्यूरोइमेज’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले गेले आहे. तेव्हा निबंधात ही पूर्वसंख्या नमूद करण्याचा प्रघात पडणे इष्ट होय.

तिसरा मुद्दा, जे दुरुस्त करता येत नाही त्यासंबंधी. प्रतिमा घेताना डोके हलले, तर सीमा पुसट होतात. २०१५ साली रॉयटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना मुद्दाम हालचाल करावयास सांगून असे दाखविले की, हालचालीमुळे करड्या द्रव्याचे आकारमान व जाडी या दोहोंची मोजमापे घटतात. येथे खरी अडचण अशी की, हालचाल सर्व गटांत सारखी नसते. लहान मुले, वृद्ध व काही विकारांचे रुग्ण अधिक हलतात. त्यामुळे दोष योगायोगाने न विखुरता नेमका एका गटाकडे झुकतो आणि रोगाचे रूप धारण करतो. अशा प्रतिमेवर कितीही तास खर्चून व्हॉक्सेल भरले अथवा पुसले तरी जी माहिती प्रतिमेत उमटलीच नाही ती त्यात येणार नाही. ती प्रतिमा वगळणे हाच प्रामाणिक मार्ग. आणि वगळण्याचा निकष निष्कर्ष पाहण्यापूर्वी ठरलेला असावा.

आता या सर्व श्रमाचा उपयोग तरी काय, असा प्रश्न विचारला जातो, व तो रास्त आहे. २०१५ साली ‘फ्रंटिअर्स इन न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० व्यक्तींच्या प्रतिमांवर नियंत्रण-बिंदू ठेवून व न ठेवता मिळालेली मोजमापे ताडून पाहण्यात आली. १.५ टेस्लाच्या यंत्रावरील प्रतिमांत मोजके भाग वगळता सरासऱ्यांत सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ असा फरक आढळला नाही. यावरून दुरुस्ती निरर्थक आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो तीन कारणांनी आवरावा लागतो. एक, ३० व्यक्तींच्या समूहात सार्थ फरक न आढळणे म्हणजे फरक नसणे नव्हे. दोन, तो अभ्यास नियंत्रण-बिंदूंपुरता होता. चिकटलेल्या दृढतानिकेस किंवा कापल्या गेलेल्या वळीस त्याने निर्दोष ठरविलेले नाही. तीन, सरासरीत विरून जाणारा दोष एकाच व्यक्तीच्या मोजमापात मोठा असू शकतो, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या परीक्षेत प्रश्न एकाच व्यक्तीचा असतो. मात्र त्या अभ्यासातून एक धडा अवश्य घ्यावा : प्रत्येक क्षुल्लक वाकणावर हात चालविणे हे काळजीचे लक्षण नसून कालापव्यय होय. ज्या दोषाने विचाराधीन भागाचे मोजमाप बदलते, त्याच्याच मागे लागावे.

नवी साधने ही अडचण परस्पर दूर करतील, अशी आशा अनेकांस वाटते. २०२० साली जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेली ‘फास्टसर्फर’ ही प्रणाली गहन मज्जाजालाच्या योगे भागांची विभागणी अत्यल्प वेळात करते. परंतु त्या जालास जे धडे दिले गेले ते प्रायः फ्रीसर्फरनेच आखलेल्या विभागणीचे होते. शिष्य गुरूहून चपळ असला म्हणून गुरूच्या चुकांपासून आपोआप मुक्त होत नाही. पाहणाऱ्या डोळ्याची आवश्यकता तेथेही उरतेच.

अखेरचा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्या व्यक्तीचा आहे. श्वेत द्रव्याच्या नकाशात मिटविलेल्या व्हॉक्सेलला १ व भरलेल्यास २५५ अशी किंमत दिली जाते. त्यामुळे काय बदलले याची नोंद आपोआप राहते. कोणी बदलले, का बदलले आणि बदलणाऱ्यास ती व्यक्ती रुग्ण आहे हे ठाऊक होते काय, याची नोंद मात्र कोणतीही प्रणाली ठेवीत नाही. ती संशोधकानेच ठेवावयाची असते. पुष्कळ निबंधांत या साऱ्या व्यवहाराची वासलात ‘आवश्यक तेथे हाताने दुरुस्ती करण्यात आली’ अशा एका वाक्यात लावलेली आढळते. हे वाक्य वाचकास काहीच सांगत नाही. आवश्यकता कोणी ठरविली? दोन्ही गटांत सारख्याच कसोटीने ठरविली काय? दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे दुरुस्त केल्यास मोजमाप किती जुळते? प्रणालीची आवृत्ती कोणती? शेवटचा प्रश्न गौण समजू नये. २०१२ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, फ्रीसर्फरच्या आवृत्तीत बदल होताच त्याच प्रतिमांतील जाडीचे मोजमाप सरासरी २.८ टक्क्यांनी व आकारमान ८.८ टक्क्यांनी बदलल्याचे दिसून आले. म्हणजे अर्धे काम एका आवृत्तीवर व अर्धे दुसरीवर केले, तर हाताची सारी दक्षता व्यर्थ जाते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे हे काम बहुधा प्रथम येते. आणि ‘रेषा नीट दिसेपर्यंत सुधारीत राहा’ एवढाच उपदेश त्यांस मिळतो. त्याऐवजी त्यांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा : गटांची ओळख झाकलेली असावी, दुरुस्तीचे नियम लेखी असावेत, काही प्रतिमा त्यांना न कळत पुन्हा त्यांच्याच हाती देऊन त्यांच्या सातत्याची परीक्षा व्हावी, आणि दुरुस्तीपूर्वीची व नंतरची अशी दोन्ही मोजमापे निबंधासोबत द्यावीत. दोहोंचा निष्कर्ष एकच निघाला तर निबंधास बळकटी येते. तो भिन्न निघाला, तर आपला निष्कर्ष मेंदूतून आला की दुरुस्तीतून, याचे उत्तर निबंधकाराने वाचकास दिलेच पाहिजे.