शा फेई : एका युद्धछायाचित्रकाराची फेरतपासणी

आम्हा सोलापूरकरांच्या मनातला चीन डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे घडला आणि त्यात व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटाचा वाटा मोठा. कोटणीसांविषयी वाचत असताना मला शा फेई सापडला. कोटणीस ज्या उत्तर चिनी आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत, तिथेच हा छायाचित्रकार कॅमेरा घेऊन वावरत होता.

१९१२ साली ग्वांगझूत जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव सितू च्वान. आधी तो बिनतारी संदेशांचे काम करी. ऑक्टोबर १९३६मध्ये त्याने शांघायला तरुण चित्रकारांशी बोलणारे लेखक लू शून टिपले. त्यानंतर अकराच दिवसांनी लू शून वारले. पुढच्याच वर्षी तो आठव्या मार्ग सेनेत गेला. डॉ. नॉर्मन बेथून यांनी मृत्युपत्रात आपला कॅमेरा त्याला दिला. १९४२मध्ये त्याने काढलेल्या सचित्र नियतकालिकात चिनीबरोबर इंग्रजी चित्रओळीही होत्या. त्याला जगाशी बोलायचे होते.

चिनी भिंतीवरच्या सैनिकांची त्याची छायाचित्रे गाजली. मला मात्र त्यांत बातमीपेक्षा मांडणी अधिक दिसते. डोंगरमाथ्यावरची ती भिंत सैनिकांआधीच बोलू लागते. याउलट १९४०च्या छायाचित्रात सेनापती न्ये रोंगझेन यांच्याजवळ एक अनाथ जपानी मुलगी आहे. प्रचार इथेही आहेच, तरी शत्रूचे मूल आधी मूल म्हणून दिसते. त्याची खरी उंची मला इथे जाणवते.

पुढचा भाग अवघड आहे. ज्या बेथून रुग्णालयाचे कोटणीस १९४१मध्ये प्रमुख झाले, त्याच रुग्णालयात डिसेंबर १९४९मध्ये शा फेईने स्वतःवर उपचार करणाऱ्या जपानी डॉक्टरला गोळी घातली. ४ मार्च १९५० रोजी त्याला मृत्युदंड झाला. मनोविकाराच्या कारणाने १९८६मध्ये तो निकाल फिरवला गेला. दरम्यान चित्रे उरली, नाव मागे पडले.

त्या गोळीच्या उजेडात जुनी छायाचित्रे वाचणे मला अन्यायाचे वाटते. छायाचित्रांसाठी त्या डॉक्टरचा बळी विसरणे हाही अन्यायच. कारकीर्द तपासायची तर दोन्ही समोर ठेवावे लागते. म्हणून त्या युद्धाचे छायाचित्र समोर आले की हल्ली मी आधी त्याखाली टिपणाऱ्याचे नाव शोधतो.