विच्छेदन आणि चित्रफीत

पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी तितकेच काम भागत असेल, तर महाविद्यालयांतून प्राण्यांवरील प्रयोग शक्यतो टाळावेत, हे तत्त्व १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या सतराव्या कलमात आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शक सूत्रे काढली ती मात्र २०११ साली. अर्धशतकानंतर का होईना, बेडूक सुटला हे इष्टच झाले. परंतु ‘तितकेच’ या शब्दाची कसोटी अंकीय चित्रफितींना कोणी लावावयाची?

पडद्यावर मुशीच्या दहाव्या मज्जातंतूच्या शाखा जणू आपोआप उघड्या पडतात. भोवतालचे ऊतक हलक्या हाताने दूर सारण्याचा कंटाळवाणा भाग संकलकाने कापलेला असतो. वस्तुतः तंतू कोणता आणि ऊतक कोणते, हा विवेक त्याच कंटाळ्यात उपजतो. शिवाय एकाच नमुन्याची फीत शंभर वेळा पाहिली तरी दोन देहांतील रचनाभेद दिसावयाचा नाही. हा दोष माध्यमाचा नव्हे, संकलनाचा होय. कोळ्यांच्या जाळ्यात आधीच मेलेल्या तीनचार मुशींचे विच्छेदन, चुकलेल्या छेदांसह, सलग चित्रित करण्यास कोणती आडकाठी आहे? सुबक फितींच्या निर्मात्यांना ते रुचणार नाही, एवढेच.