गॅमा किरणांचा तिसरा बाण

किरणोत्सारितेचा धडा आला की जळगाव-धुळ्याच्या शाळांतही फळ्यावर तीच आकृती येते. अल्फा किरण कागदाने अडतात, बीटा किरण ॲल्युमिनियमच्या पत्र्याने, आणि गॅमा किरणांचा तिसरा बाण शिशाच्या भिंतीपाशी संपतो. आकृती सोपी आहे, लक्षात राहते. पण हा तिसरा बाण चुकीचे शिकवतो.

गॅमा किरण भिंतीपाशी एकदम थांबत नाहीत, थराथराने कमी होतात. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण निम्मे करायला शिसे सुमारे १.२ सेंटिमीटर लागते, पोलाद सुमारे २ सेंटिमीटर. पुढच्या तेवढ्याच थरात उरलेल्यांचे निम्मे होतात.

हा फरक किरकोळ नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या; त्या पाणी उकळणाऱ्या प्रकारच्या. अशा भट्ट्यांत झडपांच्या कठीण मिश्रधातूतला कोबाल्ट झिजून पाण्यात येतो, गाभ्यात न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० होतो आणि नळ्यांच्या आत गंजाच्या थरात साचतो. रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबकची नळी क्षारांनी तुंबली, तर ती उघडून धुता येते, कापताही येते. भट्टीची नळी कापली, तर किरणोत्सारी धूळ कामगाराच्या श्वासात जाण्याचा धोका. म्हणून भट्टी बंद असताना बाहेरूनच मोजतात. कोबाल्ट-६० चे किरण १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जांवरून ओळखू येतात. नळीची जाडी श्राव्यातीत ध्वनीने कळते. मग पोलादात किती किरण अडले याचा हिशेब करून आतला साठा काढतात. बाण भिंतीपाशीच संपत असता, तर हे मोजमाप झालेच नसते.

पहिले दोन बाण मात्र इथे एक इशारा देतात. नळीत केवळ अल्फा किरण देणारा पदार्थ असेल, तर बाहेरचा मापक गप्पच राहील. ‘बाहेर काही नाही’ म्हणजे ‘आत काही नाही’ नव्हे. अणुभट्टीविषयीची आंधळी भीती आणि आंधळा विश्वास, दोन्हींवर हा हिशेब उतारा आहे.

वर्गात किरणोत्सारी पदार्थ नको. ६४ नाणी उडवा, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा उडवा. प्रत्येक फेरी म्हणजे एक थर. उरलेल्या नाण्यांचा आलेख मुलांनाच काढू द्या. मग तिसरा बाण पुसून, थराथराने बारीक होत भिंतीपलीकडे जाणारा काढा.