शीव आणि शिकारी

अमेरिकन इतिहासपंडित फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १८९३ साली शिकागो येथे इतिहासज्ञांच्या सभेपुढे जो निबंध वाचला, त्याचा डंका सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाजत आहे. वस्ती आणि रान यांमधील सलग सरहद्द आता दाखविता येत नाही, असा अभिप्राय १८९० च्या खानेसुमारीच्या वेळी नमूद झाला होता. तो धागा धरून टर्नरने असे प्रतिपादिले की, अमेरिकन मनुष्याचा पिंड युरोपातून आयता आलेला नाही. सतत पश्चिमेकडे सरकणाऱ्या या सरहद्दीवर तो घडला. पुढे शिकारी, त्याच्या मागून गुरे राखणारा, त्याच्या मागून नांगर धरणारा, अशी ती मिरवणूक होय.

जालना जिल्ह्यात बसून हा निबंध वाचणारास प्रथम थोडी फुशारकी वाटते. आपलाही मुलूख सरहद्दीचाच की! १८०३ साली याच जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी सामना दिला. १८५३ साली वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढे जिजाबाईंचे सिंदखेड एका अमलात, तर शेजारचे जालना निजामाच्या अमलात, असा प्रकार १९४८ पर्यंत चालला. परंतु ही सरहद्द राजांची. गावकऱ्याच्या मनावर तिचा ठसा उमटला असला तरी तो नाक्याचा आणि जकातीचा. त्याच्या मनात जी खरी रेषा होती तिचे नाव शीव. शिवेवर म्हसोबा बसविलेला असे आणि शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष प्रमाण धरली जाई. टर्नरची सरहद्द आणि आमची शीव यांत एक मूलगामी भेद आहे, आणि आमच्या मते मराठी ग्रामीण वाङ्मयाचा सारा स्वभाव त्या भेदात सापडतो. ती सरकते, ही सरकत नाही. सरकणाऱ्या रेषेवर पुढे धावणारा शिकारी वीर ठरला. न सरकणाऱ्या रेषेच्या आत बसलेल्या गावाला, शिवा ओलांडीत फिरणारा शिकारी चोर वाटला.

अमेरिकनांचा वीर कसा तयार झाला हे पाहण्यासारखे आहे. १७८४ साली जॉन फिल्सन याने केंटकीचे वर्णन लिहिताना डॅनियल बून या शिकाऱ्याची हकीकत त्यास जोडली, आणि त्या हकीकतीने बूनला हयातीतच दंतकथा केले. पुढे थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली शिकारी मंडळींचा जो क्लब काढला, त्यालाही बून आणि क्रॉकेट यांचेच नाव दिले. या वीरपूजेखाली काय पुरले गेले, हे सांगावयास आज कोणाची भीड नको. १८३० च्या कायद्याने मूळच्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा मार्ग खुला केला, आणि १८८० नंतरच्या दशकात गव्यांचे प्रचंड कळप जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांच्यापासून शिकाऱ्याने रान वाचावयास शिकून घेतले त्यांनाच त्याने पुसून टाकले. रिचर्ड स्लॉटकिन याने १९७३ साली या दंतकथेची चिरफाड केली ती योग्यच होय.

इतके असूनही एका गोष्टीबद्दल आम्हांस अमेरिकन कादंबरीचा हेवा वाटतो. जेम्स फेनिमोर कूपर हा काही मोठा शैलीकार नव्हे. त्याची वर्णने पाल्हाळिक आहेत आणि त्याची पात्रे तोंड उघडताच व्याख्यान देतात. पण १८२३ सालच्या ‘द पायोनियर्स’ या कादंबरीत त्याने एक प्रसंग असा घातला आहे की त्याची सारी पापे माफ करावीत. नॅटी बम्पो हा म्हातारा शिकारी बंदीच्या दिवसांत एक हरीण मारतो. गाव नवे, कायदा नवा. म्हातारा मात्र त्या दोहोंपूर्वीचा. त्याला धरतात, खोड्यात घालतात, तुरुंगात डांबतात. हेच गावकरी कबुतरांचे थवेच्या थवे मौजेखातर मारतात आणि त्यांस कोणी शिक्षा करीत नाही. न्यायाधीश दुष्ट नाही. कायदाही वाईट नाही. आणि तरीही अन्याय झाला आहे, ही टोचणी वाचकाच्या मनातून जात नाही. शेवटी म्हातारा गाव सोडून पश्चिमेस निघून जातो. वसाहत आणि शिकारी यांतील भांडण त्या देशाने आपल्या वाङ्मयाच्या बाल्यावस्थेतच मांडून ठेवले.

आमच्याकडे तोच खटला घडला. कादंबरी मात्र झाली नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याचा विस्तार होत जाऊन ज्या जमाती त्यात ओढल्या गेल्या, त्यांत फासेपारधी होते. कायदा रद्द झाला तो १९५२ साली. या लोकांचा गुन्हा काय? एका जागी न राहणे. तातीचे फासे लावून तितर-लावे धरणे, सवयीच्या गाईच्या आडोशाने हरणाजवळ सरकणे, पाखराचा हुबेहूब आवाज काढून त्यास जाळ्यापाशी आणणे, ही त्यांची विद्या. संस्थानिकाला काळविटाची शिकार हवी असे तेव्हा हीच विद्या मानाची ठरे, आणि चित्ता माणसाळविणाऱ्या पारध्यास दरबारी आश्रय मिळे. संस्थानिकाची हौस सरली की तोच मनुष्य फौजदाराच्या वहीत जाई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी फासेपारध्यांस नोकऱ्या देऊन जवळ केले, हा अपवाद. आणि तो अपवाद म्हणूनच आठवला जातो.

कोणी म्हणेल, मराठी वाङ्मयास शिकारी मुळातच परका आहे. हे खरे नाही. प्रतिष्ठानच्या हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ उघडावी. जालना जिल्ह्याची दक्षिण शीव ज्या गोदावरीने आखली तिच्याच काठचा हा ग्रंथ. त्यात शेत राखणाऱ्या मुली आहेत तसे व्याधही आहेत. नव्या बायकोच्या प्रेमात अशक्त झालेल्या व्याधाचे धनुष्य तासून हलके करावे लागते, ही तेथील आवडती थट्टा. व्याध तेथे खलपुरुष नाही आणि वीरही नाही. तो शेजारी आहे. थट्टा शेजाऱ्याचीच होते. अशी थट्टा करण्याची मोकळीक आमच्या अर्वाचीन ग्रामीण लेखकाने पारध्याच्या बाबतीत का बरे हरवली?

अर्वाचीन कथाकारांवर ठपका ठेवताना तारतम्य बाळगले पाहिजे. ‘बनगरवाडी’त (१९५५) माळरानावरचे धनगर आहेत. मराठवाड्याच्या रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’त (१९७१) गावच्या शिंप्याचे घर उभे केले, आणि आनंद यादवांचा ‘गोतावळा’ तर मळ्यातील मुक्या जनावरांसह एका गड्याचा आहे. या कादंबऱ्या उत्तम आहेत. पण त्या सर्व शिवेच्या आतल्या आहेत. शिवेवर उभी राहणारी, आमच्या वाचनातील, एकच मोठी कादंबरी म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९). राणोजी परगावची जोगणी आणतो आणि गावासाठी जीव देतो. त्या गोष्टीत शिवेचा नियम हा साक्षात कथेचा कणाच आहे, आणि पुढे त्याच्याच जातीवर हजेरी लादली जाते. अण्णा भाऊंची भाषा काही ठिकाणी फार चढते, हे मान्य. परंतु बून-क्रॉकेटच्या शेजारी नि:संकोच बसविता येईल असा सशस्त्र नायक मराठीत हाच. मात्र तो गावचा राखणदार आहे. फिरता शिकारी नव्हे. त्याला शीव आहे. पारध्याला तीही नाही.

‘बनगरवाडी’कारांचीच गोष्ट पाहा. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले, पुढे ती ठेवून त्यांनी वही घेतली. ‘सत्तांतर’ (१९८२) हे त्या पालटाचे फळ. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी तर रानातील लोकांच्या तोंडची पशुपक्ष्यांची नावे मराठीत आणून भाषेस श्रीमंत केले. दोघांविषयी आमच्या मनात आदर आहे. तरी एक शंका राहते: या सुंदर निसर्गलेखनात शिकाऱ्याची विद्या आली, पण शिकाऱ्याचे घर किती आले? हौशी शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली की त्याच्या हाती लेखणी येते. ज्याचे पोट फाशावर आहे त्याने फासा खाली ठेवला की त्याच्या हाती काय येते, हे विचारणारे पृष्ठ आम्हांस या पुस्तकांत हवे होते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळवीट राखले, आणि ते राखलेच पाहिजे होते. आज जालन्याच्या शिवारात रोही आणि रानडुकरे पिकात शिरतात. माळ्यावरची गोफण त्यांस भीत घालू शकत नाही, म्हणून शेतकरी रात्र रात्र जागतो. डुकराची वाट कोणत्या बांधावरून जाते हे पावलावरून सांगणारा मनुष्य गावाबाहेर पालात असतो, आणि त्या रात्री गावात चोरी झाली तर पहिली चौकशी त्याच्याच पालात होते. कूपरला हा एक प्रसंग पुरला असता. ‘फकिरा’च्या लेखकालाही पुरला असता.